आयतं बिऱ्हाड

दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा आईला मोबाइलवर एक चित्र दाखवले. तलावाच्या काठी रंगीत तंबू, त्यांच्यापुढे खुर्च्या टाकून बसलेली माणसे, मधोमध शेकोटी. असे रानात राहायला लोक पैसे मोजतात, याची तिला गंमत वाटेल अशी माझी समजूत होती. तिने चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "ही माणसं तितं पोचायच्या आदी पालं कुनी ठोकली?"

"तिथलीच माणसं ठोकून ठेवतात. पाहुणे मागनं येतात."

"म्हंजी गेलं की चूल पेटलेलीच?"

"व्हय."

"लय बरं हाय की," असे म्हणून तिने मोबाइल माझ्या हाती दिला आणि तव्यावरची भाकरी उलटायला ती आत गेली.

तिच्या त्या चार शब्दांनी मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आमचे घर म्हसवडच्या बाजूचे, पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागे चालणारे. दिवाळी सरली की आईवडील कळप घेऊन पश्चिमेला शिराळ्याकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. पुरुष मेंढरे चारत रानारानाने जात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून रस्त्याने पुढे निघत, मुक्कामाची जागा गाठत, ओझी उतरवत, पाल ठोकत, तीन दगड मांडून चूल पेटवत. दिवस मावळता पुरुष येत, तेव्हा भाकरी तव्यावर असे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून, मी नोकरीला लागून मेंढरे विकली त्या वर्षापर्यंत, आई सगळ्यांच्या आधी पोचत राहिली. तिच्या आधी कोणीच कधी पोचले नाही.

मी यातले काहीही पाहिलेले नाही. शाळेसाठी मला म्हसवडला आत्याकडे ठेवले होते. माझ्या डोक्यावर छप्पर राहावे म्हणून ती उघड्यावर राहिली, हे मला उमजले तोवर मी दाढी करू लागलो होतो. तिचे आभार कसे मानावेत हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे तो शब्द सत्कारसमारंभात वापरतात. आईसमोर तो उच्चारला असता तर तिने मला ताप आला आहे का ते पाहिले असते. म्हणून मी ठरवले की एकदा, एकदाच, आई मुक्कामाला पोचण्याआधी तिथे चूल पेटलेली असावी.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोनवर बेत सांगितला तेव्हा ते खूप हसले. "मेंढरं न्हाईत, घोडं न्हाई, आन बिऱ्हाड कशाला रं?" मग जरा थांबून म्हणाले, "शिराळ्याच्या फुडं राहीबाईच्या रानात टाक. तितं आमी दरसाल बसायचो. वड्याच्या काटाला, सपाट जागा हाय बग." राहीबाई म्हणजे ज्यांच्या शेतात खतासाठी आमची मेंढरे बसत, त्या मालकीणबाई. "तुज्या आईला तिला भेटायला म्हनून आनतो. फुडचं तू बग."

मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर हिशेबाचे काम करतो. तयार तंबूंच्या किमती पाहिल्या आणि मुकाट्याने बाजारातल्या शोएबच्या दुकानात गेलो. हळद आणि गूळ वाहणाऱ्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या तो शिवतो, आणि या शहरात माझा एवढा एकच मित्र आहे.

"तंबू घेतोस? एका रात्रीसाठी?" तो म्हणाला. "गड्या, तुमच्या सात पिढ्या पालात जन्मल्या आन तू दुकानात तंबू शोधतोयस!"

"मी पालात झोपलेलो नाही कधी."

"मग शीक की. मी हाय न्हवं."

त्याने जुन्या ताडपत्रीतला धड भाग कापून कडांना पितळी कड्या ठोकल्या, दोन बांबू मापाचे केले, आणि आम्ही त्याच्या परसात सराव केला. रानात जाण्याआधी घरी एकदा मांडून पाहावे, हा पहिला धडा, कारण त्या दिवशी पाल दोनदा आमच्या अंगावर कोसळले. दोरी खुंटीला सरळ खाली ओढली की वारा ती उपसतो. ती तिरपी, लांब ताणावी लागते. खालची ताडपत्री पालाच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर तीच दवाचे पाणी गोळा करून अंथरुणाखाली आणते. पालाची दोन्ही तोंडे बंद करून झोपलो, तर पहाटे आमच्याच श्वासाचे थेंब आमच्यावर टपकले. आणि गारठा वरून येतो त्याहून अधिक खालून येतो. पांघरुणे वाढवत बसण्यापेक्षा अंगाखाली काहीतरी जाड हवे. यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला फोम शोएबने भंगारवाल्याकडून आणला आणि जुन्या सतरंजीच्या खोळीत भरला. बाकी घरचेच : पातेली, घोंगडी, पाण्याचा कॅन, आणि हात मोकळे राहावेत म्हणून कपाळाला बांधायचा एक दिवा.

शनिवारी त्याच्या मोटारसायकलवर सगळे लादून निघालो. भुईमूग निघालेले ते रान ओसाड आणि सुंदर होते. ओढ्याकाठी आप्पांनी सांगितलेली सपाट जागा सापडली. पाल पहिल्याच प्रयत्नात ताठ उभे राहिले. सरपणाची मोळी ठेवली, दगड मांडले. आई-आप्पा येणार त्या संध्याकाळच्या बसला अजून पुष्कळ अवकाश होता. पाण्याचा मंद आवाज ऐकत बसलो असताना मला वाटले, आयुष्यात एक गोष्ट तरी माझ्या हातून वेळेवर होते आहे.

तेवढ्यात राहीबाई बांधावरून आल्या. वयाने थकलेल्या, आवाजाने मुळीच नाही.

"सुलाबाईचा ल्योक न्हवं तू? आरं, हितं कुटं ठोकलंस?"

"आप्पांनी सांगितलं. ते इथं बसायचे म्हणाले."

"त्यो बसायचा का? हितं मेंढरं बसायची!" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "वड्यावरनं सांजचं वारं सुटतं, पहाटं हितं इतकं दव पडतंय की घोंगडं पिळावं लागंल. तुजी आई वर टाकायची, त्या दगडी बांधाच्या आडोशाला. बापाला काय ठावं? पुरुष माणसं म्हंजी आयत्या बिळावर नागोबा. चुलीचा धूर दिसंल तिकडं चालायचं, एवढंच ठावं त्यांस्नी."

मी बांधाकडे पाहिले. आप्पांच्या आठवणीत ओढा होता आणि मेंढरे होती. पाल कुठे होते याची नोंद त्यांच्या मनाने घेतलीच नव्हती. ते खोटे बोलले नव्हते. पाल ठोकताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, जसे मीही नव्हते.

"हलवायचं?" शोएबने विचारले.

"हलवायचं."

वरची जागा मुरमाची निघाली. खुंट्या बोटभरही आत जाईनात. शेवटी शोएबने त्या फेकून दिल्या आणि दोऱ्या मोठमोठ्या दगडांना बांधल्या. "गाडीवर खुंटी असती का कदी? वजन लागतं, वजन!" पाल उभे राहिले, पण सूर्य डोंगराला टेकला होता. घाईत मोळी ओढ्याकाठून ओढत आणली तेव्हा तिची खालची बाजू भिजून गेली होती. मी काडीमागून काडी ओढली. निळसर, कडू धूर निघत राहिला. ज्वाळा मात्र येईना. सरपण आधी कोरड्या जागी झाकून ठेवावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल आणि मी दोरीच्या गाठींच्या नादात ऐकले नसेल.

मग पायवाटेवर दोन माणसे दिसली. पुढे आप्पा, मागे हातात पिशवी घेतलेली आई.

मी चुलीपाशी उकिडवा बसलो होतो आणि चूल पेटलेली नव्हती.

आई पालापासून थोड्या अंतरावर थांबली. तिने बांध पाहिला, पाल पाहिले, पालाचे तोंड कोणत्या दिशेला आहे तेही पाहिले. पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि सवयीने चुलीकडे निघाली.

"आये, तू बस."

माझा आवाज इतका मोठा निघाला की शोएबही वळला.

"आरं, वलं लाकूड हाय त्ये. सरक, मी—"

"असू दे वलं. पेटवतो मी. तू बसायचं आज."

तिने आप्पांकडे पाहिले. उभ्या जन्मात चूल पेटल्यावरच घरी पोचलेले माझे वडील त्या न पेटलेल्या चुलीकडे पाहत उभे होते. त्यांना काय वाटले ते मी सांगू शकत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली.

"बस की गं. पोरगं म्हनतंय तर."

"आवं पन तुमी काय करताय?"

आप्पा गुडघे टेकून माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी फुंकर घातली. सगळा धूर त्यांच्याच तोंडावर आला. ते खोकत मागे सरले, डोळे पुसले, पुन्हा वाकले.

"फुका आप्पा, फुका!" शोएब ओरडला. "कारखान्याचं धुराडं लाजंल!"

"तू गप रं! लय शाना हाईस तर मोटारसायकलीतलं प्येट्रोल आन."

आई हसली. खळखळून, मान मागे टाकून हसली. एवढे हसताना मी तिला क्वचितच पाहिले आहे. ती फोमच्या सतरंजीवर बसली होती, पण कडेला, कोणत्याही क्षणी उठता येईल अशी. हातांचे काय करावे हे तिला कळत नव्हते. तिने ते मांडीवर ठेवले, मग बांगड्या सारख्या केल्या, मग शेजारच्या गवताच्या काड्या उपटून त्या एका मापाच्या करू लागली. एकदा तिचे ओठ हलले. काड्या कशा रचाव्यात ते तिला सांगायचे होते. पण तिने ते गिळले. माझ्यासाठी तिने आजवर पुष्कळ सोसले आहे, परंतु त्या संध्याकाळी ती नुसती बसून राहिली, त्यातले कष्ट मला सर्वांत जवळून दिसले.

अखेर राहीबाईंनी पाठवलेल्या सुक्या शेणीवर जाळ धरला. चहा झाला. पहिला कप आईला दिला.

"साकर लय झाली," ती म्हणाली, आणि कप रिकामा करून पुढे केला. "आजून हाय का?"

मी आणि शोएबने खिचडी केली. ताट वाढून प्रथम तिच्यापुढे ठेवले. ती सवयीने थांबली, आमच्या ताटांकडे पाहत. आप्पा म्हणाले, "खा. निवंल." तिने घास घेतला, आणि तो तोंडात असतानाच नवलाने म्हणाली, "गरम हाय!"

त्या क्षणी मला बोलायचे होते. आत्याकडच्या त्या वर्षांविषयी, तिच्या भेगाळलेल्या टाचांविषयी, सगळ्यांच्या आधी पोचण्याविषयी. वाक्ये ओठांपर्यंत येत आणि माझ्या जन्मजात संकोचाशी येऊन अडत. मी एवढेच विचारले, "खाली टोचत न्हाई न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली. सतरंजीवरून तिने तळवा फिरवला. मग तोच तळवा माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि उचलला नाही. "लय मऊ केलंयस."

जेवण होताच ती पालात शिरली. "जरा पाट टेकते. भांडी तशीच ठेवा, उटून घासते."

आम्ही तिघे बाहेर बसून राहिलो. थोड्याच वेळात आतून संथ, खोल श्वास ऐकू येऊ लागला. आप्पांनी ओठांवर बोट ठेवले. मग त्यांनी स्वतःच खरकटे पातेले उचलले, आणि त्यांच्यामागून आम्ही ताटे घेऊन ओढ्यावर उतरलो.

पाण्याशी वाकून आप्पांनी हळू आवाजात विचारले, "राकेनं घासायची का मातीनं?"

शोएबने माझ्याकडे पाहिले, मी शोएबकडे. तिघांनाही ठाऊक नव्हते, आणि जिला ठाऊक होते तिला उठवायचे नव्हते. आम्ही दोन्ही घेतले, आणि ताटावर ताट वाजू नये म्हणून एकेक भांडे पाण्याखाली धरून, सावकाश घासत राहिलो.