जहाज कधी सुटणार?

मी एक जुनी निळी बॅग आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार भित्री बॅग आहे. दिसायला मी तशी वाटत नाही. माझी पाठ कडक आहे, पोट भलतं मोठं आहे आणि तोंडाला दोन पितळी खटके होते. तरीही घरात कुठे टकटक झाली की माझं अंग शहारतं. असं का होतं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म नाशिकजवळच्या एका कारखान्यात झाला. गरम साच्यातून बाहेर पडले, थंड झाले आणि ट्रकमधून थेट दिल्लीला आले. पहाडगंजच्या एका ठोक दुकानात बरेच दिवस मी छताला टांगलेली होते. एके दिवशी विक्रांत आणि त्याची आई कौशल्याबाई तिथे आले. विक्रांत तेव्हा नुकताच बेकरीचं काम शिकला होता आणि त्याला एका मोठ्या क्रूझवर नोकरी लागली होती. क्रूझ म्हणजे समुद्रात तरंगणारं हॉटेलच की! कौशल्याबाईंनी माझ्या पाठीवर बोटांनी वाजवून पाहिलं.

“भैया, टूटेगी तो नहीं?”

“माताजी, आदमी टूट जाए, यह अटैची नहीं टूटेगी,” दुकानदार म्हणाला.

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघं समुद्रावर होतो. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली विक्रांतची बिनखिडकीची खोली होती आणि तिथे बंकखाली, म्हणजे त्याच्या अरुंद पलंगाखाली, माझी जागा. तो पाव भाजून आला की खोलीभर यीस्टचा आंबूस गोड वास सुटायचा. सुट्टी लागली की आम्ही मयूर विहारच्या फ्लॅटवर परत यायचो. लग्न झालं, घरात रेवती आली, मग निधी जन्मली. मला उघडलं की निधी माझ्यात नाक खुपसून म्हणायची, “बाबाच्या जहाजाचा वास!” ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग ती साथ आली.

एका बंदरात सगळे प्रवासी घाईघाईने उतरवले गेले. आम्हाला मात्र कोणतंच बंदर उतरू देईना. जहाज किनारा दिसेल इतक्या जवळ उभं असायचं आणि किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नसायची. काम करणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या खोलीत बंद केलं गेलं. दिवसातून काही वेळा दारावर टकटक व्हायची. दार उघडलं की बाहेर जेवणाचा डबा असायचा, माणूस नसायचा. कधी टकटक करणारा ताप मोजायला आलेला असायचा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, नुसते डोळे दिसायचे.

शेजारच्या खोलीत उन्मेष नावाचा अलिबागचा मुलगा होता. तो आणि विक्रांत भिंतीला कान लावून बोलायचे. “घरी गेलो की पहिलं काय खाणार?” असलंच काहीतरी. मग उन्मेष खोकू लागला. एके दिवशी विक्रांतने भिंतीवर थाप मारली तर पलीकडून उत्तर आलं नाही. उन्मेषला किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथून तो परत आला नाही. त्याची लाल बॅग मात्र त्याच्या दाराबाहेर तशीच उभी राहिली. जाता येता कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. आम्ही अखेर घरी निघालो तेव्हा मी तिच्या अगदी जवळून गेले. मालक नसलेली बॅग कशी दिसते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दिल्लीत आल्यावर मला पलंगाखाली सरकवलं गेलं. तिथून मला फक्त पाय दिसायचे आणि सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं. घरात एकच प्रश्न होता. क्रूझ पुन्हा कधी सुरू होणार?

कौशल्याबाई विचारायच्या, “काय रे, काही कळलं का?” रेवती शाळेत शिकवायची, आता घरूनच लॅपटॉपवर वर्ग घ्यायची. ती संध्याकाळी हळूच विचारायची, “कंपनीचा मेल आला का?” सोसायटीतले लोक गेटवर विचारायचे, “विक्रांतजी, आपका जहाज कब चल रहा है?” आणि भरती एजन्सीतून फोन यायचा, “सर, अगले महीने. पक्का नहीं, पर लगभग पक्का.”

असा फोन आला की विक्रांत मला बाहेर काढायचा. शर्ट भरायचा, बूट भरायचा. मग कुठल्यातरी देशातून बातमी यायची की रुग्ण वाढले, बंदरं बंद, तारीख पुढे गेली. विक्रांत सगळं परत काढून ठेवायचा. कपाटात शर्ट लावताना तो एक मोठा श्वास सोडायचा. सगळ्यांना वाटायचं, बिचारा निराश झाला. मला मात्र त्याचे हात दिसायचे, मित्रांनो. भरताना ते एकेका शर्टाची पुन्हा पुन्हा घडी घालत रेंगाळायचे आणि काढताना भराभर चालायचे.

मग दिल्लीत ते भयंकर दिवस आले. खालच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकांचे भोंगे सतत ऐकू येत. सोसायटीतली ओळखीची माणसं गेली. विक्रांत न्हाणीघराची कडी लावेनासा झाला. दारावर कोणी टकटक केली की तो दचकून उभा राहायचा. सामान आणून देणाऱ्याला ओरडून सांगायचा, “भाई, घंटी बजाना! दरवाज़ा मत ठोकना!” कधी कधी तर कोणी आलेलं नसतानाही तो उठून दार उघडून पाहायचा. रेवतीने विचारलं तर म्हणायचा, “काही नाही यार, असंच.”

भोंगे कमी झाले आणि एका सकाळी पुन्हा फोन आला. विक्रांत बाल्कनीत उभा राहून बोलत होता. “जी... इस बार पक्का? जी. शुक्रवार को मुंबई. जी.”

पडद्यामागे निधी उभी होती. तिने सगळं ऐकलं.

तिचे छोटे पाय पलंगापाशी आले. तिने मला ओढून बाहेर काढलं आणि उघडलं. मला वाटलं, वास घ्यायला आली असेल. पण ती गुडघे पोटाशी घेऊन माझ्यात आडवी झाली आणि तिने माझं झाकण आतून ओढून घेतलं.

खट. खट.

माझे दोन्ही खटके लागले. ते फक्त बाहेरून उघडतात. त्यातून उजवा खटका एका बंदरावर आपटून वाकला होता, तो तर विक्रांतलाही पटकन उघडत नसे. मित्रांनो, मला जोडणाऱ्यांनी पाणी आत जाऊ नये म्हणून मला फार चांगलं जोडलं होतं. त्या दिवशी मला त्या चांगुलपणाची किळस आली. आत निधी हसत होती. मग ती हसायची थांबली. तिने झाकण ढकललं. पुन्हा ढकललं. रेवती बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून वर्ग घेत होती. स्वयंपाकघरात कौशल्याबाईंचा मिक्सर चालू होता. निधीचा श्वास मला माझ्या अस्तरावर गरम गरम लागत होता आणि मी काहीच करू शकत नव्हते.

तेवढ्यात विक्रांत खोलीत आला. जमिनीवर मला पाहून तो थबकला. त्याला वाटलं, रेवतीनेच बॅग काढून ठेवली. “इतकी घाई झाली हिला?” असं काहीसं पुटपुटत तो पलंगावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

टक, टक, टक.

निधी आतून मुठीने वाजवत होती. विक्रांतने डोळे मिटले आणि दोन्ही कानांवर हात दाबले. “नाही,” तो म्हणाला. “कोणी नाही. हे माझ्या डोक्यात आहे. कोणी नाही.”

टक, टक.

मी तेव्हा जेवढी घाबरले, तेवढी वादळातही घाबरले नव्हते. आवाज मंद होत चालला होता. निधीने पाय झाडला आणि मी फरशीवर जराशी सरकले. खर्रकन आवाज झाला. विक्रांतने डोळे उघडले. बॅग हलली होती. डोक्यातली टकटक बॅग हलवत नाही.

“बाबा,” आतून अगदी बारीक आवाज आला.

“निधी!”

त्याने झडप घातली. डावा खटका उघडला, उजवा अडला. त्याची बोटं सोलवटली. “आई! आई गं, काहीतरी आण!” मिक्सर थांबला. कौशल्याबाई हातातलं लोखंडी उलथनं घेऊन तशाच धावत आल्या. विक्रांतने ते फटीत घालून सगळा जोर लावला. माझा खटका तुटून पलंगाखाली उडाला आणि झाकण उघडलं.

निधी घामाने भिजली होती. ओठ निळसर झाले होते. क्षणभर ती नुसती पाहत राहिली, मग तिने मोठा श्वास घेतला आणि जोरात रडू लागली. तो रडण्याचा आवाज मला किती गोड वाटला, काय सांगू!

रेवतीही धावत आली. तिने निधीला उचलून खिडकीशी नेलं. “अगं, असं कोणी करतं का? का बसलीस तू आत?”

हुंदके देत निधी म्हणाली, “मी आत बसले तर कपडे मावणार नाहीत ना. मग बाबा कसा जाईल?”

विक्रांत फरशीवर बसला होता. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

“ती वाजवत होती आणि मी कान झाकून बसलो होतो,” तो म्हणाला. “मला रोज टकटक ऐकू येते, रेवती. जहाजावरची. उन्मेष गेला तेव्हापासून. मला वाटलं, ही पण तीच.”

“अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?” कौशल्याबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“काय बोलणार, आई? तुम्ही सगळे विचारत होतात, जहाज कधी सुटणार. आणि मी रोज मनात म्हणत होतो, न सुटो.”

रेवती त्याच्या शेजारी खाली बसली. “आम्हाला वाटलं, घरी बसून तू कंटाळलास. तुला बरं वाटावं म्हणून विचारत होतो रे.”

विक्रांतने तिथेच बसून एजन्सीला फोन लावला. “मैं शुक्रवार को नहीं आ पाऊँगा. बीमार नहीं हूँ. मुझे डर लगता है.”

पलीकडचा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, “सर, सबको लगता है. बोलता कोई नहीं.”

गंमत म्हणजे ते जहाज त्या शुक्रवारी सुटलंच नाही. तारीख पुन्हा पुढे गेली. पुढे कधीतरी क्रूझ सुरू झाल्या, हे मी टीव्हीवर ऐकलं. विक्रांत अजून गेलेला नाही. तो एका डॉक्टरबाईंकडे बोलायला जातो आणि मयूर विहारच्याच एका बेकरीत सकाळी पाव भाजतो. पुढे जाईल की नाही, त्याचं त्यालाही ठाऊक नाही, आणि तसं तो सरळ सांगतो. माझा दुसरा खटकाही त्याने काढून टाकला आहे. आता माझ्यात रजया असतात आणि मला नाडी बांधतात.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्यासारख्या बॅगेत, पेटीत, कपाटात खेळायलासुद्धा कधी लपू नका. आम्हाला आतून उघडता येत नाही. जुन्या बॅगांना अधूनमधून ऊन दाखवा, खटके तपासा. आणि घरातलं कोणी फार दिवस गप्प असेल, तर ‘कधी जाणार’ हे मागाहून विचारा. आधी जवळ बसा आणि विचारा, ‘जायचंय का तुला?’