पुसलेले आकडे

तामसिनने स्पिरिटचा बोळा खाली ठेवला. त्यावर पांढरे डाग उतरले होते. टेबलावर एमूची सहा काळपट हिरवी अंडी सुकत होती. एकावरही आकडा नव्हता.

कोंबडीच्या अंड्यावर आकडा पेन्सिलने घालतात. तो स्पिरिटने जात नाही. एमूच्या गडद टरफलावर पेन्सिल दिसतच नाही, म्हणून तिने पांढरं पेन वापरलं होतं. आणि उघडण्याआधी अंडं पुसायचं, ही हाताची सवय.

अकरा दिवसांपूर्वी प्रत्येक टरफलाला नखाएवढी खिडकी पाडून तिने गर्भाच्या पंखाच्या कोंबात मोहरीहून बारीक मणी बसवला होता आणि खिडकी चिकटपट्टीने बंद केली होती. तीन मणी नुसत्या खारट पाण्यातले. तीन मात्र कोंबाला बोटं किती, कुठे, हे सांगणाऱ्या प्रथिनात भिजवलेले. कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात, एमूच्या एकच. एमूच्या कोंबाला तो हुकूम अजून कळतो का, हाच तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता. सप्टेंबर लागला होता. एमूंचा अंडी घालण्याचा हंगाम संपला होता. ही शेवटची सहा.

"उघड की सरळ," प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरून नोएल म्हणाला. "जिथे जादा बोट, तिथे प्रथिन."

"वा! उत्तर बघून प्रश्न लिहू?"

अंडी उबवणीयंत्रात परत ठेवून तिने वही उघडली. प्रत्येक आकड्यापुढे मणी कोणता ते आणि अंडं घालणाऱ्या मादीचं नाव होतं. सहा अंडी, सहा माद्या. तिने लगेच अंडी जिथून आली त्या एमूंच्या फार्मवर फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार्मचा मालक क्लाइव्ह हॉर्शमहून तीनशे किलोमीटर गाडी हाकत आला. "पोरी, आधी चहा. मेलबर्नच्या रहदारीपेक्षा चिडलेला एमू परवडला."

"कुठलं अंडं कुणाचं, खरंच ओळखाल तुम्ही?"

"चाळीस वर्षं उचलतोय. टरफल म्हणजे बाईचं अक्षर."

त्याने अंगठा फिरवला. "ही डचेस, नुसता पॉलिशपेपर. ही बेरिल, टोकाला गुळगुळीत." दोन अंड्यांवर तो अडला. एक उजेडाकडे धरलं, पुन्हा चाचपलं. "ही आयरिस. ती मॉड."

तामसिनने अंड्यांची जागा बदलली आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. सहाही नावं पुन्हा तीच आली.

"माझी परीक्षा घेतेस होय गं?"

"माझीच चाललीये, क्लाइव्ह."

नोएलने वहीतला मण्यांचा रकाना कागदाने झाकला. ती एकेक खिडकी उघडून दिसेल ते लिहीत गेली. बेरिल, एक बोट. मॉड, एक. पर्ल, एक. डोरीन, एकच, मणी घसरून बाजूला पडला होता. डचेस, दोन.

आयरिसच्या अंड्यापाशी तिचा हात थांबला. तिने क्लाइव्हला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

लाल हृदय धडधडत होतं. त्याच्या शेजारी काचेसारखा पारदर्शक पंख, आणि त्यात तीन बोटं.

क्लाइव्हने टोपी काढली. "हजारो एमू हाताखालून गेले माझ्या," तो हळूच म्हणाला. "हे यांच्या आत होतं?"

"ऐकायला तयार होतं. सांगणारं कमी पडत होतं."

नोएलने कागद उचलला. प्रथिन: डचेस, डोरीन, आयरिस.

तामसिनला काही लिहायचं होतं, पण पेन तसंच हातात राहिलं. ती पुन्हा भिंगावर वाकली. पंख किंचित हलला.