नावाड्याचा उजवा गाल

मित्रांनो, माझ्याकडे पाहून मी कोण आहे हे चटकन ओळखता यायचं नाही. काळी, चपटी, वहीपेक्षा थोडी मोठी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी एक जुनी पाटी आहे. खडूची नव्हे, संगणकाला जोडायची. माझ्यावर एक खास पेन चालवलं की समोरच्या पडद्यावर रेघ उमटते. दुकानात मला चांगलं भारदस्त नाव होतं. पण माझी मालकीण माऊ, तिच्या बाबांनी मला खोक्यातून काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं कौतुक चाललंय ते या पाटीचं होय?" तेव्हापासून मी पाटीच.

माऊ माणसं घडवते. संगणकावरच्या खेळांत जी पात्रं चालतात, लढतात, रडतात, ती तिच्यासारखी मंडळी तयार करतात. सुरुवात होते राखाडी गोळ्यापासून. पेनाने दाबलं की डोळ्याची खोबण, ओढलं की नाक. आकार जमला की कातडी चढवायची. आधी आतला लालसरपणा, त्यावर उन्हाने रापलेला रंग, मग छिद्रं, सुरकुत्या, नाकाच्या शेंड्यावरची तेलकट चमक. माझ्या अंगावर तिने राजे घडवले, दरोडेखोर घडवले, एक शिंगं असलेली राणीसुद्धा घडवली. लोक वाहवा करायचे. मग माऊ मला थोपटून म्हणायची, "सगळी हिची कृपा." ते दिवस चांगले होते.

एके सकाळी बाबा कामावर निघाले होते. ते बस चालवायचे. बूट घालता घालता ते खुर्चीवरून कलंडले. दवाखान्यातून परत आले ते चाकाच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडलेला, आणि उजव्या बाजूने तोंड खाली ओघळलेलं. माऊची आई पूर्वीच गेलेली. घरात दोघंच. माऊने आपलं टेबल बाबांच्या खोलीत आणलं आणि घरूनच काम करू लागली.

बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तो आरसा काढ." तिने बेसिनवरचा आरसा काढून कपाटामागे ठेवला.

माऊ रडली नाही. फोनवर कुणी विचारलं, कशी आहेस, तर "ठीक" म्हणायची. औषधं द्यायची, भात मऊ करून भरवायची, चादर बदलायची आणि येऊन पेन हातात घ्यायची. पूर्वी काम करताना ती गुणगुणत असे. आता खोलीत फक्त पंख्याचा आवाज असायचा.

त्याच सुमारास तिला एक म्हातारा नावाडी करायला सांगितला. खेळातला हा नावाडी प्रत्येक खेळाडूला नदीपार नेणार होता. माऊने गोळा घेतला आणि चेहरा घडवला. आमच्या कामात एक सोय असते. चेहऱ्याची एक बाजू केली की दुसरी बाजू आरशातल्यासारखी आपोआप होते. निम्मं काम वाचतं. नावाडी तसाच झाला, दोन्हीकडून सारखा.

तिच्या कामावरचे सर फोनवर म्हणाले, "चूक काही नाही गं. पण हा कुणाचाच कुणी वाटत नाही."

तिने सुरुवातीपासून पुन्हा केला. सरांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाबांची दाढी माऊच करायची. एक दिवस उजव्या गालावर वस्तरा जरा तिरपा लागला आणि रक्ताचा थेंब आला.

"बाबा, लागलं."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

तिने कापूस दाबून धरला. बाबा समोर भिंतीकडे पाहत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. माऊ बराच वेळ तो गाल धरून उभी राहिली. मग हात धुऊन माझ्यासमोर बसली आणि तिने ती आरशाची सोय बंद केली.

नावाड्याचा उजवा ओठ तिने खाली ओढला. गाल सैल सोडला. पापणी किंचित जड केली. डाव्या गालावर हसण्याची सुरकुती खोल कोरली, उजवीकडची पुसट केली. दाढीचे खुंट एकेक करून लावले. काम झालं तेव्हा सर जवळजवळ ओरडलेच, "हाच! कुठून आणलास याला?"

"असाच सुचला," माऊ म्हणाली.

ती चहा करायला आत गेली. परत येते तो बाबांनी डाव्या हाताने खुर्ची ढकलत टेबलाजवळ आणलेली.

"कोण हा?"

"नावाडी."

"तोंड माझं लावलंस."

माऊने कप खाली ठेवला. "हो."

"विचारायचंस तरी."

"काढून टाकते," ती म्हणाली. तिने ती आरशाची सोय पुन्हा सुरू केली. चांगली बाजू वाकड्या बाजूवर चढली आणि क्षणात चेहरा सरळ झाला. ओठ सरळ, डोळे सारखे.

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "हा तर कुणी तिसराच."

दोघंही पडद्याकडे पाहत राहिले.

"आधीचा परत आण," बाबा म्हणाले. नावाडी परत आला. बाबांनी मान तिरकी केली. "पण ओठ जास्तच उतरवलायस. माझा काही इतका नाही."

"इतकाच आहे, बाबा."

"आरसा आण."

माऊ उठली. कपाटामागून आरसा काढला, धूळ पुसली आणि त्यांच्यासमोर धरला. बाबांनी आरशात पाहिलं, मग पडद्यात, मग पुन्हा आरशात. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण सूर जुनाच, हुकूम सोडणारा. "थोडा वर घे. अजून. बास. आणि केस दे की जरा. नाव चालवायला टक्कल कशाला लागतं?"

माऊने केस दिले.

मित्रांनो, पुढे तो खेळ बाजारात आलाच नाही. कंपनीने मध्येच बंद केला. नावाडी कुणालाही नदीपार न नेता संगणकात पडून राहिला. माऊने बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझं तोंड फुकट गेलं म्हणायचं," आणि अर्ध्या तोंडाने हसले. त्याच दिवशी आरसा माऊने पुन्हा बेसिनवर लावला, आणि बाबांनी तो काढायला सांगितलं नाही.

नंतर कामावरून माऊला नवी, मोठी पाटी मिळाली. तिच्यात चित्र थेट काचेवरच दिसतं. मी पुस्तकांच्या ढिगाखाली गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाबांच्या हाताला काहीतरी काम द्यायला सांगितलं, तेव्हा बाबाच म्हणाले, "ती जुनी पाटी दे."

आता दुपारी माऊ त्यांच्या उजव्या मुठीत माझं पेन ठेवते आणि रुमालाने सैलसर बांधते. बाबा पडद्याकडे पाहतात. पडदा कोराच राहतो.

"बिघडली वाटतं ही," बाबा म्हणतात.

"बिघडली नाही, बाबा. दाब कमी पडतो."

पेनाचा दाब ठरावीक झाला की मगच रेघ दिसते. माऊने मला जितकं हळवं करता येईल तितकं केलं आहे. बाबांच्या हाताचा दाब अजून त्याच्याही खाली आहे. थोड्या वेळाने ती रुमाल सोडते आणि म्हणते, "आज नाही. उद्या."

मित्रांनो, मला तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. रोज दुपारी ते पेन माझ्यावर दाबलं जातं. अगदी हलकं, पडद्यापर्यंत न पोचणारं. कालच्यापेक्षा आज जास्त होतं का, तेही मला ठाऊक नाही. पण ते मला लागतं, जाणवतं. तुमच्या घरी कुणी असा कोऱ्या पडद्यासमोर बसला असेल, तर पेन लवकर काढून घेऊ नका. हात टेकलेला असतो.