गंगेची ओहोटी

समुद्र इथून शेकडो कोस लांब. तरी पाथरीच्या पुढच्या त्या गावात गंगेला भरती-ओहोटी येते, हे बघायला जीपा भरभरून माणसं येत होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. डोहाच्या काठावर सागरनाथ महाराज त्रिशूळ घेऊन उभे आणि समोर आजारी माणसं छातीभर पाण्यात बसलेली.

"समुद्रराजा न्यायला आलाय! गंगा सासरी निघाली!" महाराज गरजले. "पाणी उतरंल तसा रोग उतरंल!"

दोन-तीन तासांत पाणी खरोखर वीतभर उतरलं. शंख, नारळ, जयजयकार. ओहोटीची वेळ एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. का, तर म्हणे चंद्र फिरतो. बाबालोकांना चंद्र फार उपयोगी पडतो.

माझी नोकरी नदीची पातळी आणि ओघ मोजायची. वैशाखाच्या उन्हात मी पट्टी वाचत होतो. खरं सांगायचं तर मला राग आला नाही, कंटाळा आला. एक बाबा गेला की दुसरा हजर, आणि तेच आपले हात जोडलेले.

एक गोष्ट मात्र खटकत होती. दोन्ही काठांवरच्या पाण्याच्या मोटारी एकदम गुरगुरायला लागल्या की महाराजांचा त्रिशूळ वर जायचा. रोज हाच क्रम.

शेजारी लिंबाजी उभा होता. त्याची बायको पारूबाई लेकीला, राजेश्रीला, घेऊन पाण्यात बसली होती. पोरीला फिट यायची. डॉक्टरच्या गोळ्या महाराजांनी बंद करायला लावल्या होत्या.

"लिंबाजी, सगळ्यांनी एक पाळी मोटारी बंद ठेवा. मग बघू पाणी उतरतं का."

"काय बी बोलायलाव साहेब! वैशाखात लाईटीची पाळी सोडायची? ऊस वाळंल की!"

मी पुन्हा पट्टीकडे वळलो. किती जणांशी हुज्जत घालायची?

तेवढ्यात पाण्यात राजेश्रीला फिट आली. पोर तोंडावर पडली. पारूबाईनं वेणीला धरून तिला वर ओढलं, लिंबाजी धावला, दोघांनी काठावर आणलं. तिचे ओठ निळे पडले होते.

"रोग बाहेर पडायलाय!" महाराज ओरडले. "उद्या पुन्हा बसवा!"

आता मात्र मला राग आला. "पारूबाई, उद्या ही हाताला लागायची नाही."

लिंबाजीनं तिला मोटारींचं सांगितलं. संध्याकाळी ती आखाड्या-आखाड्यावर, शेतातल्या घराघरापाशी, गेली. "एका पाळीनं ऊस मरत न्हाई. माझी लेक मरंल." जो नाही म्हणाला, त्याच्या दारातून ती उठलीच नाही. शेवटी सगळे कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी लाईटीची वेळ झाली. त्रिशूळ वर गेला. मोटारी गप्प. पाणी ढिम्म. महाराज ओरडून ओरडून घामाघूम झाले.

"कुनाचा तरी इटाळ झालाय!"

राजेश्रीला मांडीशी घेऊन काठावर बसलेली पारूबाई म्हणाली, "कुनाचा इटाळ न्हाई महाराज. ऑटो बंद हाय."

एवढीच होती ती ओहोटी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. मोटारीला ऑटो असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, मालक तिच्याजवळ नसतोच. तो इथे दर्शनाला. दोन्ही काठांच्या मोटारी डोह उपसायच्या. लाईट गेली की वरच्या बंधाऱ्यातून झिरपून डोह पुन्हा भरायचा, ती भरती. लाईटीचं वेळापत्रक गावात शेंबड्या पोराला पाठ, महाराजांनाही पाठ. दोन्ही गोष्टी जुळवायला मात्र कुणाला सवड नव्हती.

दुपारच्या आत महाराज जीपमध्ये बसून देवगाव फाट्याकडे गेले. आता ते दुसरं पाणी शोधतील.

पुढच्या पाळीला लिंबाजी मोटार चालू करून माझ्या पट्टीपाशी येऊन बसला. पाणी हळूहळू उतरायला लागलं. "आमीच की वो साहेब," तो म्हणाला आणि बराच वेळ बघत राहिला.

मंडळी, चमत्कार दिसला की बाबाकडे नंतर बघा. आधी बघा, आपण घरी काय चालू ठेवून आलोय. तपासायला एक पाळी जाते, फार तर. न तपासता माणूस जातं.

मी निघालो तेव्हा पारूबाईनं राजेश्रीच्या तळहातावर गोळी ठेवली आणि तांब्यातलं गंगेचं पाणी पुढं केलं. पोरीनं गोळी गिळली.