बुआतोंगचा ओठ

"आधी नक्कल काढायची, मग हात लावायचा. मूळ फोटो कुणाचा तरी असतो, आपला नसतो." मला छपाईची पानं लावायला शिकवणारे गुरुजी हे रोज सांगायचे. तेव्हा फोटो कागदाचे होते. आता सगळं काम टॅबवर होतं. पानं लावायचं ॲप एक, अक्षरं निवडायचं एक, चेहरा दुरुस्त करायचं एक. या तिसऱ्यावर माझा फार लोभ.

थायलंडमधल्या फ्रे गावात, देवळामागच्या गल्लीत माझं आणि राचनीचं दुकान आहे. अंत्यविधीला वाटायच्या स्तोत्रांच्या पुस्तिका आम्ही करतो. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो.

खामपान आला तेव्हा त्याच्या हातात एकच फोटो होता. त्याची सहा वर्षांची मुलगी बुआतोंग डेंग्यूनं गेली होती. बायको आधीच गेलेली; बाकीचे फोटो आणि त्याचा फोन पुरानं नेलेले. या फोटोलाही पाणी लागलं होतं. मी तो टॅबवर उतरवून घेतला आणि परत देताना म्हणाले, "तिच्याजवळ ठेवायचा तर ठेव. माझ्याकडे आलाय आता." त्यानं तो शवपेटीत तिच्या उशाशी ठेवला. तिच्याबरोबर तोही जळाला.

मी एक बटण दाबलं. डाग गेले, गाल उजळले. 'जतन' दाबलं आणि शंभर प्रती छापायला टाकल्या.

दहनानंतर तिसऱ्या दिवशी खामपान पुस्तिका घेऊन दुकानात आला. मला तो पी, म्हणजे ताई, म्हणतो.

"पी, ही कोण?"

मी पाहिलं. बुआतोंग दुभंगलेल्या ओठानं जन्मली होती. दोनदा शिवला होता. हसली की ओठ डावीकडे ओढला जायचा. पुस्तिकेत तो सरळ होता, गुळगुळीत. यंत्रानं तोही डागच धरला होता. टॅबवर मूळ फोटो शोधला, तर नवा त्याच्यावरच जतन झाला होता.

"वाटताना बघितलं नाहीस?" राचनीनं विचारलं.

"त्या दिवशी माझे डोळे जाग्यावर होते का?"

राचनीनं मला आत ओढलं. "सांग, फोटो भिजला होता, तसाच उतरला. निम्मं खरंच आहे."

"निम्मंच आहे."

"शीलं तुझी, पण गिऱ्हाईक दुकानाचं."

"सकाळीच पाच शीलं घेतलीत, राचनी. खोटं न बोलणं त्यातलंच एक."

"मग उद्या सकाळी परत घे. भिक्खू काय संपावर गेलेत?"

ती मला वाचवत होती, हे मला कळत होतं. मी बाहेर येऊन खामपानला सगळं सांगितलं. बटण मी दाबलं, जुना फोटो माझ्या हातून पुसला गेला, आणि कागदाचा पेटीत ठेव असंही मीच म्हणाले.

तो स्टुलावर बसला. "शंभर घरांत दुसऱ्याची पोर गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "लोक म्हणतील, खामपानला लाज वाटली म्हणून त्यानं ओठ पुसून घेतला. मला कधी वाटली नाही, पी."

"तू सांग, मी हातानं काढते."

"बघून काढशील?"

"नाही."

"मग नको. अंदाजानं एकदा झालंय."

राचनीनं पाण्याचा पेला आणून त्याच्यापुढे ठेवला. तो तसाच राहिला.

"ओठ शिवताना डॉक्टर फोटो काढतात ना?" मी विचारलं.

"काढलेला. चियांगमाईच्या इस्पितळात, गेल्या साली. टाके निघाल्यावर समोरून, बाजूनं. रडत होती."

"रडतानाचा चालेल?"

"तिचाच असेल ना?"

तिच्या नावानं शंभराव्या दिवशी होणाऱ्या दानाआधी नव्या शंभर पुस्तिका करीन आणि घरोघर जाऊन जुन्या मागून घेईन, असा मी त्याला शब्द दिला. इस्पितळात फोन केला. बापाच्या सहीचं पत्र घेऊन स्वतः या, म्हणाले. कागदांत फोटो ठेवला असेल तर मिळेल, नसेल तर नाही. खामपानला त्या इमारतीची पायरी पुन्हा चढवत नव्हती. त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी भिक्खूंच्या पात्रात भात घातला, शीलं घेतली. राचनी दुकानाचं दार उघडत होती. "फोटो नसला तर?" तिनं विचारलं.

"नसला तर तसं येऊन सांगीन त्याला."

पत्राची घडी पिशवीत ठेवली आणि चियांगमाईच्या गाडीकडे चालू लागले.