टाकीचं झाकण

गाडी पुन्हा तिथेच थांबली. चिंचणीहून बोईसरकडे जाताना लागणारं वळण संपलं आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. ज्ञानेशने गियर काढून ती घरंगळत चिंचेखाली घेतली. शिफ्टची बस हॉर्न बडवत पुढे गेली.

“आता तरी पुरं करा,” शेजारी बसलेली प्रतीक्षा म्हणाली. “तीन वर्सं झाली.”

“घोडं कुठं पेंड खातंय ते बघितल्याशिवाय आज घरी जायचं नाय,” म्हणत तिचा नवरा बाह्या सारून उतरला.

चौपन्न सालची ही मोटार त्याच्या वडिलांची, तात्यांची. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांच्या छातीत कळ आली. अंगणात तेवढंच वाहन होतं. ज्ञानेश त्यांना घेऊन बोईसरच्या दवाखान्याकडे निघाला आणि ह्याच रस्त्यावर गाडी बंद पडली. रिक्षा मिळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. आदल्या आठवड्यात कार्बोरेटर ज्ञानेशनेच खोलला होता. थोरला भाऊ धर्मेश बाराव्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझ्या हातानं बाप गेला.” लोक ते जेवणाबरोबर पचवून मोकळे झाले. ज्ञानेशला पचलं नाही. कारखान्यात दिवसभर यंत्रं बरी करणाऱ्या माणसाला, आपला हात चुकला की नाही, एवढं तरी कळायलाच हवं होतं. चुकला असेल तर चुकला. पण कळायला हवं.

कॉइल बदलून झाली होती, पंप नवा बसवून झाला होता, कार्बोरेटर किती वेळा धुतला त्याची गणती नव्हती. अंगणात तासभर चालू ठेवली तरी गाडी पाहुणा म्हणून आलेल्या जावयासारखी गुणी. रस्त्याला लागली की रुसायची.

आज त्याने पेट्रोलची बाटली सोबत आणली होती. ती बॉनेटखाली टांगून तिची नळी त्याने थेट कार्बोरेटरला जोडली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. वळणापुढे नेली, परत आणली. एकदाही अडखळली नाही. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष. टाकीही भरलेली. आडात आहे आणि पोहऱ्यात येत नाही, हा काय प्रकार?

तो मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीने हवा ओढली.

“ऐकलंस?” तो ओरडला.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. त्याने झाकण उन्हात धरलं. भोकातून उजेड दिसेना. प्रतीक्षाने पदराची पिन काढून दिली. पिनेच्या टोकाला काळपट, पिवळा खडा निघाला. त्याने तो नाकाशी नेला. गूळ होता. हळद लागलेला.



दर दसऱ्याला ज्ञानेशची आई, साखरबाई, गाडीला हळदकुंकू लावून गुळाचा घास द्यायची. बॉनेटवर नव्हे. “पिते तिथंच भरवायचं,” म्हणून टाकीच्या झाकणावर. तात्या हसायचे. त्या वर्षी तात्यांची तब्येत नरम होती म्हणून तिने घास जरा जास्तच मायेने दाबला होता.

“म्हंजे तुमचा हात नव्हताच!” प्रतीक्षाचे डोळे भरून आले. “धर्मेशभावजी आज घरीच हायत. सगळ्यांपुढं सांगा.”

ज्ञानेशलाही रडू फुटलं. ओझं उतरलं म्हणून, आणि उतरवून ते कुणाच्या डोक्यावर ठेवावं लागेल ते दिसलं म्हणून. त्याने झाकण पेट्रोलने घासून लखलखीत केलं, घट्ट बसवलं, बाटली काढून टाकीची नळी पुन्हा जोडली आणि न थांबता गाडी घरापर्यंत नेली.

ओट्यावर धर्मेश पेपर वाचत होता. साखरबाई उंबऱ्यात उभी होती. गाडी तपासायला बाहेर निघाली की परत येईपर्यंत ती अशीच उभी राहायची.

“गावला काय रे बिघाड?”

“गावला. कार्बोरेटर. माझाच हात चुकला होता, आये.”

“मी बोल्लो होतो,” धर्मेश म्हणाला आणि त्याने पेपर मिटला.

प्रतीक्षाने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

“तुझाच? नक्की?” साखरबाईने विचारलं.

“नक्की.”

ती उंबऱ्यातून आत वळली. दुपारी पानं मांडली तेव्हा, तीन वर्षांत पहिल्यांदाच, तिने भात पुन्हा मागून घेतला.