तीनशे बारावा रेणू

तेरच्या स्टँडवर हर्षाली उतरली तेव्हा दुपार कलली होती. हैदराबादपासूनच्या प्रवासानं अंग आंबलं होतं, पण खरी दमणूक मंगळवारची होती. त्या दिवशी तिच्या औषध कंपनीनं तीनशे बारा नंबरच्या रेणूचं काम बंद केलं. सहा वर्षं ती तेच करत होती.

तिचे बजरंगकाका गावच्या सप्ताहातले मृदंगी. ते रंगात आले की कीर्तनकाराला पाणी प्यायची आठवण राहत नसे. दोन वर्षांपूर्वी मज्जातंतूंच्या आजारानं डावा हात धरला, आता उजवाही उचलेना. या आजारात हात हलवणाऱ्या पेशीच एकेक करून मरतात. दिवाळीत हर्षाली हरखून म्हणाली होती की आमच्या औषधानं काचेच्या बशीतल्या पेशी जगल्या. काकांनी ते सरळ आपल्या हातांवर घेतलं आणि देवळात सांगून टाकलं, यंदा मृदंग मीच वाजवणार. देवळातल्यांनीही त्यांचा शब्द मानला. बदली मृदंगी म्हणून मुरुमच्या महांतेशचे दोन फोन आले, त्याला नको म्हणून कळवलं. सप्ताह परवावर आला होता.

कमलकाकूंनी चहा दिला. काकांनी विचारलं, "आणलंस का?"

मग तिनं सगळं सांगितलं. पेशीला मरायचा निरोप येतो आणि तिच्या आतलंच एक प्रथिन तो अमलात आणतं. पेशी फुटते, शेजारणींनाही भाजते. त्या प्रथिनाच्या खाचेत पाचरीसारखा बसेल असा बारीक रेणू त्यांनी तीनशे अकरा फसल्यावर घडवला. तो बसलाही. उंदरांना दिला तेव्हा दुखणं जरा लांबलं, पण तिसऱ्या आठवड्यात त्यांची यकृतं गेली.

निरूपण ऐकताना डोलवावी तशी काका मान डोलवत होते.

"म्हंजी तीनशे बारा औषधं केलीस?" ते म्हणाले. "एवढे तर म्या अभंगबी पाठ केले न्हाईत."

मग काका खालच्या आवाजात म्हणाले, "त्यो उंदरांचाच दे मला. यकृत गेलं तर जाऊ दे. सात दिस हात चालले म्हंजी झालं."

"न्हाय देणार, काका. आणि दिला तरी गेलेल्या पेशी परत येत न्हाईत. हात चालणार न्हाईत. दिवाळीला हे सांगायला पायजे होतं मी."

काकू भांडी उचलून आत गेल्या. काकांनी तोंड दाराकडे वळवलं. हर्षालीला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरंच झालं असतं.

"महांतेशला फोन लाव," काका म्हणाले. "म्हणावं, ये. माझ्याच मृदंगावर बस. आन् काकूकडनं कणीक मागून घे. मृदंग लई दिसांनी खोळीतनं निघतोय, बोलतोय का ते बघू."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते, तिच्याशिवाय तो घुमत नाही. किती सैल मळायची, कुठपर्यंत पसरायची, हे काका बसल्या जागेवरून सांगत होते. सहा वर्षं मिलिग्रॅम मोजलेल्या बोटांनी तिनं कणीक थापली आणि वर एक थाप दिली. आवाज पातळ आला.

"मनगट सैल सोड, बाई. आन् अजून लाव," काका डोळे मिटून म्हणाले.

तिनं परातीतून आणखी गोळा घेतला.